तीन आणि तीन चार

पुण्याबाहेर कुठेही बुधवार पेठेचे नाव काढले की ऐकणारे गालातल्या गालात हसतात. त्या हसण्यामागे ज्या बायका असतात त्यांच्या दुःखाची कुणाला फिकीर नसते, हा एक भाग. या पेठेत आणखी काय काय आहे याची त्यांना खबर नसते, हा दुसरा. जोगेश्वरी इथलीच, दगडूशेठचा गणपती इथलाच, पासोड्या विठोबा इथलाच. फुले दांपत्याने १८४८ साली मुलींची शाळा सुरू केली तो भिडे वाडा याच पेठेतला. फातिमा शेख यांचे नाव आपण ज्या कामाशी जोडून आदराने घेतो, त्या कामाची सुरुवात या पेठेत झाली. अप्पा बळवंत चौकातला पुस्तकांचा बाजार इथे आणि विजेच्या वायरीपासून मोबाईलच्या सुट्या भागांपर्यंत सगळे विकणारी तपकीर गल्लीही इथेच. पुस्तक आणि यंत्र यांच्यामध्ये इतके थोडे अंतर आम्ही दुसरीकडे पाहिलेले नाही.

आम्ही बरीच वर्षे मुलांना गणित शिकवले. त्यामुळे या दोन्ही बाजारांत आमची उठबस. अप्पा बळवंत चौकात दरवर्षी जूनमध्ये पालकांची झुंबड उडते. यादीतली जाडजाड पुस्तके घेऊन झाली की शेवटी दुकानदार एक बारीक पुस्तिका वर ठेवतो. ती म्हणजे लॉग टेबल. आत नुसते आकडे, ना गोष्ट ना चित्र. बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. म्हणून ती घ्यायची, परीक्षा झाली की रद्दीत द्यायची. तिचा एवढाच मान.

तपकीर गल्लीत मोबाईल दुरुस्त करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने एकदा आम्हाला सरळच विचारले, "सर, ते लॉग टेबल तुम्ही आमच्याकडून घासून घेतलंत. त्याचा पुढे कुठे उपयोग झाला, सांगा ना." त्याच्या हातात तेव्हा एका मोबाईलची उघडी पाटी होती. आम्ही त्या पाटीकडे बोट दाखवून म्हणालो, "बेटा, तू जे दुरुस्त करतोस त्याच्या घरातलंच ते माणूस आहे." त्याला वाटले सर थट्टा करतात. थट्टा नव्हती. पण दुकानात गिऱ्हाईक उभे असताना एवढी मोठी गोष्ट सांगता येत नाही. ती इथे सांगतो.

लॉग टेबलाची करामत थोडक्यात अशी. ४७ गुणिले ६३ करायचे आहेत. टेबलात ४७ समोरचा आकडा १.६७२१ आणि ६३ समोरचा १.७९९३. या दोघांची बेरीज केली की ३.४७१४ येते. उलटे टेबल पाहिले की उत्तर मिळते २९६१. गुणाकार करायचा होता, केली फक्त बेरीज. भागाकार असेल तर वजाबाकी. वर्गमूळ हवे असेल तर निम्मे करायचे. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ साली आपले टेबल छापले आणि युरोपातल्या ज्योतिर्विदांच्या मानेवरचे ओझे उतरले. पुढे याच तत्त्वावर लाकडी पट्ट्यांचा स्लाइड रूल निघाला. एक पट्टी दुसरीवर सरकवली की गुणाकार तयार. तीन शतके इंजिनियरांच्या खिशात ती पट्टी होती. चंद्राकडे गेलेल्या अपोलो यानांतही ती गेली होती. १९७२ मध्ये लॉग काढणारा खिशातला कॅल्क्युलेटर आला आणि पट्टी कपाटात गेली.

पण कल्पना मेली नाही. ती यंत्राच्या पोटात शिरली. १९७१ साली किंग्जबरी आणि रेनर या दोघांनी असा विचार मांडला की संदेश गाळणाऱ्या यंत्रात आकडे मुळात आकडे म्हणून ठेवूच नयेत, त्यांचे लॉगच ठेवावेत. १९७५ मध्ये स्वार्ट्झलँडर आणि अलेक्सोपोलस यांनी त्या पद्धतीची नीट घडी बसवली. यंत्र दोनाच्या पटीत मोजते, म्हणून तिथे पाया दोनाचा. आठ म्हणजे दोन तीन वेळा, त्याचा लॉग ३. बत्तीसचा ५. आठ गुणिले बत्तीस करायचे तर यंत्राने ३ आणि ५ मिळवायचे. ८ आले, म्हणजे २५६. गुणाकाराच्या सर्किटला चिपवर मोठी जागा लागते आणि वीजही जास्त लागते. बेरजेचे सर्किट त्या मानाने अगदी लहान. स्टॅनफर्डचे मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये जे आकडे मांडले त्यांनुसार ४५ नॅनोमीटर चिपवर ३२ बिटांच्या पूर्णांकांची एक बेरीज ०.१ पिकोज्यूल वीज खाते आणि तेवढाच गुणाकार ३.१ पिकोज्यूल. म्हणजे एका गुणाकाराच्या किमतीत एकतीस बेरजा. गुणाकाराच्या जागी बेरीज आणता आली तर ते कुणाला नको आहे?

इथवर ऐकणारा खूश होतो. आता अडचण ऐका. ज्या घरात गुणाकार सोपा झाला, त्या घरात बेरीज अवघड होऊन बसते. आठ अधिक आठ किती? सोळा. पण यंत्राकडे आठ नाहीतच, त्याच्याकडे ३ आणि ३ आहेत, आणि उत्तर यायला हवे ४. तीन आणि तीन चार! आठ अधिक दोन करायचे असतील तर यंत्राजवळ ३ आणि १ असतात आणि उत्तर हवे ३.३२१९. हे नुसत्या मिळवणीने येत नाही. दोन लॉगांमध्ये किती अंतर आहे ते पाहायचे, त्या अंतरासमोर किती भर घालायची ते एका साठवलेल्या टेबलात पाहायचे आणि मोठ्या लॉगमध्ये ती भर टाकायची. अंतर शून्य असेल तर भर १. अंतर एक असेल तर ०.५८५०. अंतर दोन असेल तर ०.३२१९. अंतर दहा झाले की भर ०.००१४, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

म्हणजे बेरजेसाठी यंत्राच्या पोटात पुन्हा तीच अप्पा बळवंत चौकातली पुस्तिका ठेवावी लागते. पुस्तिका लहान असेल तर चिपवर सहज मावते. १६ बिटांच्या अंतरासाठी फार तर ६५,५३६ ओळी. ३२ बिटांना सरळ हिशेबाने ४२९ कोटींच्या वर ओळी होतात, तेवढी पुस्तिका कुठे ठेवणार? म्हणून मग थोड्या ओळी साठवून मधल्या जागा अंदाजाने भरण्याच्या युक्त्या निघाल्या. वजाबाकीची गत आणखी वाईट. दोन आकडे एकमेकांच्या अगदी जवळ आले की त्यांच्यातला फरक काढणे या पद्धतीला सर्वांत कठीण जाते. शून्याचे तर विचारूच नका. शून्याला लॉग नसतो. दोनाचा कुठलाही घात शून्य होत नाही. म्हणून शून्यासाठी वेगळी खूण ठेवावी लागते, आणि ऋण आकड्यांसाठी चिन्हाचा एक बिट वेगळा.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या सभा-संमेलनांत विज्ञानाचा विषय निघाला की कुणीतरी उठून सांगतो, हे सगळे मूळचे आपलेच. एका कार्यक्रमात एका वक्त्याने लॉगरिथम हा शब्द अल्-ख्वारिज्मीच्या नावावरून आला असे ठणकावून सांगितले आणि टाळ्या पडल्या. ख्वारिज्मीच्या नावावरून आला तो अल्गोरिदम हा शब्द. लॉगरिथम हा नेपियरने ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडून बनवला. कानाला सारखे लागतात म्हणून सगे भाऊ होत नाहीत. खोट्या दागिन्याने नवरी सजत नाही, आणि आपल्या पेटीत खरा दागिना असताना खोट्याची गरजच काय?

खरा दागिना असा. बाराव्या शतकात अस्-समवअल अल्-मग़रिबी नावाचा गणिती होऊन गेला. जन्माने यहुदी, पुढे मुसलमान झालेला. 'अल्-बाहिर' हा बीजगणितावरचा ग्रंथ त्याने एकोणिसाव्या वर्षी लिहिला असे सांगतात. त्यात घातांकांचा एक तक्ता आहे. मधे एक, एका बाजूला वाढत जाणारे घात, दुसऱ्या बाजूला उतरत जाणारे. दोन राशींचा गुणाकार करायचा तर एकीचा क्रम जितका, तितकी घरे दुसरीपासून मोजत जायचे. घातांकांची बेरीज म्हणजे राशींचा गुणाकार, हे तो घरे मोजून दाखवतो. हे लॉग टेबल नव्हे, पण ज्या कायद्यावर लॉग टेबल उभे आहे तो कायदा हाच. आणि दागिना एकट्या आपल्याच पेटीत नाही. नवव्या शतकात वीरसेन नावाच्या जैन आचार्यांनी 'धवला' टीका लिहिली. तिच्यात 'अर्धच्छेद' असा शब्द आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते तो तिचा अर्धच्छेद. आठाचे अर्धच्छेद तीन, बत्तीसचे पाच. म्हणजे आजची चिप ज्या पायावर मोजते त्याच दोनाच्या पायावरचे लॉग! त्या ग्रंथाचे संपादन हिरालाल जैन यांनी केले आणि १९३९ पासून तो छापला गेला तो आपल्या अमरावतीहून. बगदादकडचा एक, दक्षिणेकडचा एक, स्कॉटलंडचा एक. इल्म कुणाच्या बापजाद्यांची जहागीर नाही, असे आम्ही वर्गात सांगत आलो ते अशाच दाखल्यांच्या जोरावर.

पण ही कहाणी सांगण्यामागे आमचा खरा हेतू निराळा आहे. तो आहे चुकीच्या हिशेबाचा.

लॉग काढणे हेच मुळी यंत्राला खर्चिक काम. जॉन मिचेल यांनी १९६२ साली एक फार सोपी युक्ती सुचवली. १२ चा लॉग हवा. १२ ही संख्या ८ आणि १६ यांच्या बरोबर मधे आहे, ८ चा लॉग ३ आणि १६ चा ४, तर १२ चा धरा ३.५. खरा लॉग ३.५८५० आहे, पण साडेतीन काढायला यंत्राला काहीच कष्ट पडत नाहीत, बिट नुसते सरकवले की झाले. आता या युक्तीने १२ गुणिले १२ करून पाहा. ३.५ आणि ३.५ मिळून ७. दोनाचा सातवा घात १२८. खरे उत्तर १४४. सोळाची तूट, शेकडा ११.१. या युक्तीत याहून मोठी चूक होत नाही. पुष्कळ गुणाकारांत ती फार कमी असते आणि काहींत मुळीच नसते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. गुणाकार करताना ही चूक कधीही जास्तीची होत नाही. उत्तर एक तर बरोबर येते, नाही तर कमी येते. तराजूचे पारडे कायम एकाच बाजूला झुकलेले.

मापात मारणाऱ्या लोकांविषयी कुरआन शरीफमध्ये एक स्वतंत्र सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे, अशांचा तिथे समाचार आहे. दुकानात दहा वेळा वजन केले आणि पाच वेळा थोडे इकडे, पाच वेळा थोडे तिकडे झाले तर त्याला माणसाचा हात म्हणता येईल. दहाच्या दहा वेळा कमीच भरले तर त्याला काय म्हणायचे हे सांगायला मौलवीसाहेबांची गरज नाही. एक लाख वीस हजारांवर अडीच टक्क्यांनी जकात होते तीन हजार. त्यात मिचेल साहेबांची सर्वांत मोठी तूट धरली तर ती येईल सुमारे २६६७. ज्याला ती मिळायची त्याचे ३३३ रुपये यंत्राच्या आळसात गेले. यंत्राची नियत खराब नसते. पण गरिबाच्या हातात पडले ते कमीच.

याच्या शेजारी आपल्या विरासतीचा हिशेब ठेवून पाहावा. ख्वारिज्मीच्या 'अल्-जब्र'चा मोठा भाग मृत्युपत्र आणि वारसाहक्काच्या गणितांनी भरलेला आहे. त्या गणितात एक प्रसिद्ध पेच येतो. एक बाई वारली, मागे नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी. मूलबाळ नाही, आईवडील नाहीत. नवऱ्याचा हिस्सा निम्मा, दोघी बहिणींचा मिळून दोन तृतीयांश. सहा भाग केले तर नवऱ्याचे तीन, बहिणींचे चार, एकूण सात! मालमत्ता सहा भागांची आणि हक्कदारांचे भाग सात. हजरत उमर यांच्या काळात असा प्रश्न उभा राहिला तेव्हा तोडगा निघाला त्याला 'औल' म्हणतात. मालमत्तेचे सहाऐवजी सातच भाग करायचे. तीन नवऱ्याला, चार बहिणींना. सुन्नी फिकहमध्ये हीच रीत रूढ झाली. नवऱ्याचे निम्म्याहून कमी झाले, बहिणींचेही दोन तृतीयांशाहून कमी झाले, पण दोघांचे घटले ते एकाच प्रमाणात. तूट आलीच तर ती सर्वांनी आपापल्या वाट्याप्रमाणे सोसायची, एकाच्याच माथी मारायची नाही. आम्हाला या तोडग्यात जेवढे गणित दिसते तेवढाच इन्साफही दिसतो.

मग लॉगची ही पद्धत टाकाऊ आहे का? मुळीच नाही. प्रश्न जागेचा आहे. आपला कान पाहा. हळू आवाजातला बारीक फरक त्याला कळतो, मोठ्या आवाजातला तेवढाच फरक कळत नाही. तो पटीत ऐकतो. टेलिफोनवाल्यांनी हे ओळखले. ज्या एसटीडी बूथवरून आपण गावाकडे फोन लावत होतो, त्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जात आणि प्रत्येक नमुना लॉगसारख्या मोजपट्टीने दाबून ८ बिटांत बसवला जाई. अम्मीचा आवाज त्यातून ओळखू येत नव्हता असे कुणी म्हणेल का? तसेच टोकियो विद्यापीठाच्या संशोधकांनी ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण मोजण्यासाठी 'ग्रेप' नावाची यंत्रे बनवली. त्यांतल्या ग्रेप-३ आणि ग्रेप-५ मध्ये मधले गुणाकार लॉगने केले आणि शेवटची बेरीज मात्र साध्या आकड्यांत ठेवली. लाखो ताऱ्यांच्या ओढाताणीत एखाद्या जोडीचा हिशेब थोडा सैल असला तरी सैलपणा दोन्ही बाजूंना असतो आणि पुष्कळसा एकमेकांत जिरून जातो. ग्रेप-५ ला कमी खर्चात जास्त काम केल्याबद्दल १९९९ चे गॉर्डन बेल पारितोषिक मिळाले. ज्याचे काम त्याला दिले की यंत्रही सुखी.

आज ही जुनी पुस्तिका पुन्हा चर्चेत आली आहे ती कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे. चेहरा ओळखणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या, प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या या यंत्रांचे काम म्हणजे गुणाकारांचा डोंगर. २०१६ मध्ये मियाशिता, ली आणि मुरमान या संशोधकांनी दाखवले की अशा जाळ्यातले आकडे लॉगमध्ये मोजक्या बिटांत ठेवले तरी चित्रे ओळखण्याच्या कामात फारसा फरक पडत नाही. विजेचे बिल मात्र उतरते. मांजर ओळखायला चार दशांश स्थळे लागत नाहीत, हे खरेच आहे.

पण तेच यंत्र उद्या मांजराऐवजी माणूस ओळखायला बसवले जाते. कर्ज कुणाला द्यावे, अर्ज कुणाचा बाजूला ठेवावा, गर्दीतला कोणता चेहरा संशयित, हेही अशा यंत्रांना विचारले जाऊ लागले आहे. तिथे चूक होणार, अंदाज आला की चूक आलीच. आमचा सवाल चुकीच्या आकाराचा नाही, तिच्या दिशेचा आहे. ती दोन्ही बाजूंना सारखी पडते, की काही ठराविक मोहल्ल्यांवर, काही ठराविक नावांवर नेहमी कमीच भरते? ही तपासणी निकाल लागल्यावर रडून होत नाही. ती करायला यंत्राच्या पोटातले गणित कळणारी माणसे लागतात, आणि ती माणसे आपल्यातूनही यायला हवीत. आपली कितीतरी मुले चिप बदलण्यात उस्ताद आहेत. चिपच्या आत काय चालते हे विचारण्याची त्यांना कुणी सवय लावली नाही, कारण ते काम आपले नव्हे असे आपणच धरून चाललो.

भिडे वाड्याची जीर्ण इमारत २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी उतरवली गेली. ती उभी होती तेव्हा तिच्या समोरून जाताना आम्हाला नेहमी वाटे, ज्या मुलींना अक्षर आणि आकडा शिकवायला लोकांचा विरोध होता, त्यांना आकडा शिकवण्याची एवढी भीती का वाटली असेल? आकडा आला की माणूस हिशेब मागतो, म्हणून. आमच्या शेवटच्या वर्गातली एक मुलगी मिचेलच्या रीतीने १२ गुणिले १२ करून १२८ उत्तर घेऊन आली. आम्ही विचारले, "किती चूक?" तिने शेकडेवारी सांगितली. मग स्वतःच विचारले, "सर, हे सोळा गेले कुणाचे?" भौतिकशास्त्राच्या पेपरात हा प्रश्न येत नाही. आम्ही तो फळ्यावर लिहिला आणि त्या दिवशी तास संपेपर्यंत पुसला नाही.